अस्वलांच्या पायाखालची जमीन

सगळी अस्वलं जमिनीपासून वीतभर वर उभी होती. बाबा अस्वल लाकडं फोडत होतं ते हवेत, आई अस्वल कपडे वाळत घालत होती ती हवेत, आणि वर आभाळ संपून एक पांढरी पट्टी सुरू झाली होती. सर एफ्रेननी कार्टूनचे एकामागून एक भाग उघडून पाहिले. सगळीकडे तीच गत. मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, की मुलांना उडणारी अस्वलं जास्त आवडतात असं मालिकेच्या परदेशी मालकांना पटवता येईल का ते बघू. हे ते गंभीरपणे म्हणाले. स्टुडिओ त्यांचा होता. विनोद परवडत नव्हता.

हा प्रताप आते सियोनीचा. आते म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. तिला अख्खा स्टुडिओ आतेच म्हणायचा, सर एफ्रेनसुद्धा. क्यूबाओच्या बाजारामागे, कोंबड्या भाजणाऱ्या दुकानाच्या माडीवर आम्ही बसतो. परदेशातून गोष्टी आणि आवाज येतात, आम्ही चित्रं हलवतो, आणि जगभरातली पोरं ती वेबसाइटवर बघत जेवतात. माझ्याकडे पात्रांची तोंडं हलवायचं काम. घरी माझं हलत नाही, ते इथे भरून निघतं.

आते पात्रांच्या मागची दृश्यं रंगवायची. कागदावर, हाताने. मग स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये आणायची. अस्वलांच्या त्या बर्फाळ गावातली टेकडी न् टेकडी तिची. बर्फ तिने जन्मात पाहिला नव्हता. किसलेल्या नारळाकडे बघून तिने तो रंगवला, आणि इतका जमला की बघणाऱ्याला भूक लागे.

गेल्या आठवड्यात मालकांचा निरोप आला, की दृश्यं फार उबदार वाटतात. बर्फाळ गाव उबदार वाटू नये, यावर वाद घालणं अवघड होतं. त्यांनी दुसऱ्याच देशातून नवी दृश्यं करवून घेऊन पाठवली आणि जुन्यांच्या जागी घालायला सांगितली. काम अगदी सोपं. सॉफ्टवेअरमध्ये चित्र एकदाच आणून ठेवतात आणि सगळ्या भागांत तेच वापरतात. त्याच नावाची नवी फाइल आणली की ते विचारतं, जुनं बदलू का? ‘हो’ म्हटलं की जुनं चित्र सगळ्या भागांतून एका दमात नाहीसं.

सर एफ्रेन सौजन्य म्हणून हे काम मला देत होते. आते म्हणाली, “घरचं मयत शेजाऱ्याला उचलायला सांगू?” आणि एका हाताने केळ्याचं तळलेलं तुरोन खात, दुसऱ्या हाताने ‘हो’, ‘हो’ दाबत गेली.

त्यानंतर अस्वलं तरंगली.

भानगड जुन्या सवयीची होती. आते पूर्वी कॅमेऱ्याखाली टेबलावर ठेवून एकेक टिपायची चित्रं करायची. तिथे कागद खुंट्यांना अडकवावा लागे, म्हणून चित्राखाली कोरी पट्टी सोडत. खुंट्या गेल्या, पट्टीची सवय गेली नाही. पडद्यावर ती दिसत नसे, पण चित्राच्या उंचीत धरलेली असे. नव्या चित्रांना पट्टी नव्हती. सॉफ्टवेअर चित्राला मध्यावर धरतं; त्यामुळे नवी जमीन खाली घसरली आणि अस्वलं होती तिथेच राहिली.

सर एफ्रेनना एकदम सुचलं. जुनी चित्रं परत आणायची, आणि नवी सॉफ्टवेअरला चालत नाहीत असं मालकांना कळवायचं. देवाची इच्छा म्हटल्यावर आम्ही गप्प बसतो, तसे ते लोक सॉफ्टवेअर म्हटल्यावर बसतात. मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, की आतेने हे मुद्दाम केलंय का. केलं असेल तर राग नाही. मला तोच संशय होता. खरं तर तीच आशा होती.

“मुद्दाम केलं असतं,” आते म्हणाली, “तर इतकं वाईट केलं नसतं, सर.”

“मग राहू देत ना जुनीच. तुमचीच आहेत, आते.”

“माझी होती. गेली. अस्वलं चुकलीत तेवढी खाली घेते. जे गेलं त्याचं तुम्ही बोलू नका.”

ती बसली. एकेका दृश्यात जाऊन दुसऱ्या कुणाची तरी थंडगार जमीन वर उचलायची आणि प्रत्येक अस्वलाचे पाय नीट टेकवायचे. खालून भाजलेल्या कोंबडीचा वास येत राहिला. जेवायला ती उठली नाही.

शेवटी आजी अस्वल उरली. प्रत्येक भाग संपताना ती झाडाखाली बाकावर बसून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगते. बाक आतेने झाडाबरोबरच रंगवलेला. नव्या चित्रात झाड होतं, बाक नव्हता. जमीन जागेवर आली तरी म्हातारी बसायची ती हवेतच.

मालकांकडून बाक मागवायला वेळ नव्हता. आतेने स्वतःचं जुनं चित्र उघडलं आणि त्यातून बाक कापायला घेतला. मी म्हटलं, भोवती पांढरा चौकोन राहिला तरी चालेल, बर्फात कुणाला दिसणार? ताटात भात टाकून उठणाऱ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. फळ्यांच्या फटीफटीतून पांढरं काढलं, बाकी सगळं पारदर्शक ठेवलं, आणि फाइल आत आणली. या वेळी सॉफ्टवेअरने काही विचारलं नाही. त्या नावाचं तिथे आधी काही नव्हतंच.

आजी अस्वल बसली.

नव्या गावात ऊन डावीकडून पडत होतं. झाडाची, घरांची, सगळ्या सावल्या उजवीकडे. बाक मात्र आतेच्या माहेरचा, ताल नावाच्या तळ्याकाठच्या दुपारचा. तिने तो सावलीसकट कापला होता.

“आते,” मी हळूच म्हटलं, “बाकाची सावली उलट्या बाजूला पडलीय.”

“दिसतंय मला,” ती म्हणाली आणि भाग पाठवून दिला.