वरातीपर्यंतचा सिनेमा

“सोनाजी, त्या मॉलवाल्यानं पोराला मारून टाकलं रे!”

दुकानाची पायरी चढता चढताच सुमनबाई म्हणाल्या आणि हातातला मोबाईल त्यांनी पुढे धरला. दुपार कलली होती. जवळा गावचा आठवडी बाजार बाहेर पेंगल्यासारखा गुणगुणत होता. कोणता पोरगा, हे सोनाजीला विचारावं लागलं नाही.

मोबाईलच्या मेमरी कार्डात सिनेमे भरून देणं हा सोनाजीचा पंधरा वर्षांचा धंदा. कुणाला हाणामारी लागते, कुणाचा डोळा कोणत्या गाण्यावर लागतो, सगळं तोंडपाठ. आता हिंगोलीच्या मोठ्या मॉलनं तेल-साखरेच्या जोडीला सिनेमेही विकायला काढले होते. ॲपवर पैसे भरा, घरबसल्या सिनेमा उतरवून घ्या. गिऱ्हाईक पांगलं, ते त्यानं फारसं मनाला लावून घेतलं नाही. पाऊस आणि मॉल कुणाला विचारून येतात थोडेच! पण हा एक सिनेमा त्याच्या मनात सलत होता.

चार वर्षांपूर्वी सुमनबाईंचा लेक हरीश ट्रॅक्टरखाली गेला. वर्षभरानं त्या कार्ड घेऊन आल्या. “आई-लेकराचं कायबी दे,” म्हणाल्या. तसा एक सिनेमा होता, पण लग्नाची वरात झाली की त्यातला लेक पुरात वाहून जायचा. सोनाजीनं वरातीपाशीच कात्री चालवली. बाईंनी तो इतक्यांदा पाहिला, की तो लेक त्यांना घरातलाच झाला. बोलता बोलता त्या त्याला हरीश म्हणायच्या.

आता ते कार्ड बिघडलं, म्हणून पुतणी प्रतीक्षानं मॉलच्या ॲपवरून तोच सिनेमा घेऊन दिला होता. सगळाच्या सगळा.

“पुरात पोरगं गेलं अन् म्या बंद केलं. त्यायच्यात काही बिघाड हाय ना? तुझा बराबर व्हता.”

‘व्हय’ म्हणणं सोपं होतं, पण ते सोनाजीला जमलं नाही.

“बिघाड न्हाई, काकू. म्याच कापला व्हता.”

“काहून?”

“तुमाला तकलीफ व्हईल म्हणून.”

सुमनबाईंनी मोबाईल मागे घेतला. आता या निघून जाणार आणि पुन्हा कधी यायच्या नाहीत, असं त्याला वाटलं. मग तो पुन्हा पुढे करून त्या हळूच म्हणाल्या, “लाव. एकटीच्यानं बघवत न्हाई.”

सोनाजीनं शटर अर्धं खाली ओढलं. पूर आला, लेक गेला. सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला, सोनाजीनं मान खाली घातली. तरी सिनेमा संपेना. पडद्यावर ऊन पडलं. त्या आईनं चूल पेटवली, भाकरी थापली, सुनेला हाक मारून जेवू घातलं, मग स्वतःही दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली. पुढे कितीतरी वेळ पुराचं नावही नव्हतं, नुसतं तिचं जगणं होतं. सोनाजीनं हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुराबरोबर त्यानं तेही कापून टाकलं होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

“जगली म्हणायची ती पुढं,” सुमनबाई पुटपुटल्या.

“व्हय.”

“मग एवढं तरी ठिवायचं न्हाई का रे लेकरा?”

बाईंनी डोळे पुसले आणि वाकून शटरखालून बाहेर पडल्या. समोरच्या बियाणेवाल्यापाशी त्या टेकल्या. हरीश गेल्यापासून त्यांनी परसात काही पेरलं नव्हतं. थोडं मेथीचं बी तळहातावर घेऊन, फुंकर मारून, निरखत राहिल्या.