पहिली हळद कुणाच्या हाताची

मी एक जुना पाट आहे. पण मित्रांनो, अडगळ म्हणून नाक मुरडू नका. मी नाटकात काम केलंय, म्हटलं!

ठाण्याच्या कोपरीत गोमाजी कोळ्यानं मला घडवलं. होडी बांधून उरलेली सागाची फळी त्यानं आपल्या लग्नासाठी राखून ठेवली होती. माझ्यावर बसून पहिली हळद लागली ती त्याच्या बायकोला, चंद्रभागेला. पुढं साऱ्या आळीच्या पोरी माझ्यावरच बसून नवऱ्या झाल्या. माझा तोरा काय सांगू!

गोमाजी गेला आणि चंद्रभागा हळदीच्या वेळी दाराशी उभी राहू लागली. हळद लावायचा मान सवाष्णींचा. लग्न झालं की मला चिंचेनं घासून डाग काढायचं काम मात्र तिचंच. मला लख्ख करणाऱ्या त्या हातांना हळदीची वाटी काही मिळत नव्हती. मला फार वाईट वाटायचं.

तिची नात मेघाली डोंबिवलीच्या एका हौशी नाट्यसंस्थेत काम करते. नव्या नाटकात ती विधवा आई झाली होती. ही आई सवाष्णींना थांबवून लेकीला पहिली हळद स्वतः लावते. त्या प्रवेशासाठी मेघालीनं मला नेलं. "शुभकार्याचा पाट नाटकान नेतेस?" शेजारच्या कमळाबाई फणकारल्या. प्रयोगाला दोघं-तिघं उठून गेले, पण बाकीचं नाट्यगृह टाळ्या वाजवत राहिलं. त्यातल्या निम्म्या टाळ्या मी माझ्याच समजतो.

पहिल्या रांगेत चंद्रभागाही होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "नाटकान सगलं बरं दिसतं गो. घरान नाय चालत."

दोन महिन्यांनी मेघालीचीच हळद आली. ती माझ्यावर बसली, पाच सवाष्णी पुढं सरकल्या, आणि ही म्हणते, "पहिली हळद आजी लावेल. नाहीतर मी उठते."

सवाष्णी एकमेकींकडं बघू लागल्या. दाराशी चंद्रभागा तोंडाला पदर लावून नको नको म्हणत होती. पोरगी खरंच उठायला लागली. तेव्हा कमळाबाईंनी, हो, त्याच कमळाबाईंनी, वाटी उचलून चंद्रभागेच्या हातात दिली.

"लाव गो. किती वर्सं दाराशी उभी रवशील?"

चंद्रभागेनं ओंजळभर हळद नातीच्या गालांना फासली, आणि निम्मी माझ्यावरच सांडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण पुसणाऱ्या माणसाला दाराशी उभं ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा चिंच भिजवून मला घासायला बसली. डागावरून तिनं बोट फिरवलं आणि चिंच बाजूला सारली. मग मला ओटीवर मांडून ती माझ्यावर बसली, आणि कमळाबाईंना चहाला हाक मारली.