तिसरा खिळा

ठमाबाई माझ्या नवऱ्याची, सागरची आत्या. त्यांना आता काहीच दिसत नाही. सरपंचाच्या निवडणुकीआधी आठवडाभर त्या आमच्या दारात बसून सराव करत होत्या. चौकटीवर, मतदानाच्या मशीनवरच्या बटणांसारखे, एकाखाली एक पाच खिळे आहेत. बोटाने चाचपत तिसऱ्यावर थांबायच्या नि म्हणायच्या, "ही आपली सुकन्या. नळ तिनंच आनला."

मी चौकशी करून आले होते. न दिसणाऱ्याने आपला सोबती आपण निवडायचा. सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात, कारण त्याला दिवसभरात एकाच मतदाराला नेता येतं.

"मंग तूच चल," आत्या म्हणाल्या. "बटन मीच दाबीन. तू निस्ती मशीनपाशी उबी कर."

मतदानाच्या दिवशी आठ महिन्यांची लेक हेमाली माझ्या कडेवर होती. शाळेच्या व्हरांड्यात केसरीनाथ उभा. राहनाळच्या गोडाऊनांना माणसं तोच पुरवतो, सागरलाही तिथे त्यानेच कामाला लावलंय. सुकन्याच्या विरोधात त्याचा पुतण्या उभा होता.

"काय वहिनी, पोर घेऊन कुठं आत शिरता? रडंल ना ती. आत्याला मी नेतो."

"मी नेते ना, दादा."

"सागरची उद्या ड्युटी हाय ना? का ऱ्हाऊ दे घरीच, पोर सांभाळायला?"

हसतच त्याने हात पुढे केला. उजव्या बोटावर शाई होती. ताजी.

दारातल्या टेबलावरच्या साहेबांनीही ती पाहिली आणि यादीचं पान उलटलं. 'साहेब, यांनी आधीच एकाला नेलंय,' एवढंच बोलायचं होतं. मी आत्यांची बोटं माझ्या दंडावरून सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"जा आत्या, केसरीदादा आहेत."

त्या क्षणभर माझ्याकडे तोंड करून थांबल्या. मग गेल्या.

घरी येताना म्हणाल्या, "मी मोजीत व्हते गं. दोनावर बोट व्हतं, मी दाबलं न्हाय, नि मशीन वाजली."

सुकन्या पडली. एका मताने काय होणार होतं, सागर म्हणतो. त्याची ड्युटी चालू आहे.

आज हेमालीला झोपवताना राहवलं नाही. आत्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना शाईचं सांगितलं.

"तू पायलं व्हतंस?"

"हो."

त्यांनी झोळीची दोरी हातात घेऊन झोका दिला.

"मना दिसत न्हाय म्हून तुला नेली व्हती," म्हणाल्या.

झोळीची दोरी मात्र त्यांनी सोडली नाही. "जा, तू घास खाऊन घे. मी हाय पोरीपाशी."