लाडक्या बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेच्या इन्क्युबेटरमध्ये सहा बाटल्या होत्या. सगळ्यांत उष्ट्या अन्नाचा लगदा होता; त्यातल्या तिघींत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दलदलीतून शोधलेला जिवाणूही होता. तो खरंच जास्त वायू देत असेल, तर शेजारच्या दवाखान्याचं स्वयंपाकघर त्या वायूवर चालणार होतं. मॅडमची पाच वर्षं त्याच्या मागे गेली होती.

मागच्या खेपेला जिवाणूच्या तीन बाटल्यांनी बाजी मारली होती. पेढे वाटायचेच बाकी होते, तेवढ्यात मी धीर करून म्हणाले, “मॅडम, येता-जाता तुम्ही आपल्याच बाटल्या हलवता. बाकीच्या तिघी सवतीच्या असल्यासारख्या पडून असतात.”

“मग?”

“हलवल्याने लगदा मिसळतो. वायू त्यानेही वाढतो.”

त्या हसल्या. “म्हणजे लाड मी केले आणि गुण लेकरांचे समजले! चल, पुन्हा लावू. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तू झाक, कोणती कुठली ते मला सांगू नकोस. आणि हलवायचं काम यंत्राला दे.”

दहा दिवसांनी त्यांनी सगळा वायू मोजला आणि मग मी चिठ्ठ्या उघडल्या. जिवाणू घातलेल्या बाटल्यांची सरासरी २१२ मिलिलिटर होती, न घातलेल्यांची २०९. एवढा फरक तर एकाच गटातल्या बाटल्यांतही होता.