दहा वाजताचं बटण

हातात काम नसलं की मला दुसऱ्याचं आवरायची खाज सुटते. सुट्टीवर घरी आले आणि चौथ्याच दिवशी बाबांच्या फोटो स्टुडिओतलं मशीन अपडेट करायला बसले. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. बाबा म्हणालेही, "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?" पण ऑफिसात शंभर सर्व्हर सांभाळणारी बाई घरच्यांचं ऐकते होय! लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढवला. जागा अडते म्हणून जुना पुसूनही टाकला. हा दुसरा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबांनी नेहमीसारखं बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ उमटली: सिस्टिमची डिस्क सापडत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या मशीनमध्ये बाबांची चाळीस वर्षं होती. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून सगळ्या निगेटिव्हचा लगदा झाला होता. नशीब, त्याआधी आम्ही बहीणभावांनी त्या स्कॅन करून ठेवल्या होत्या. सलग दोन हिवाळे, दर रविवारी. दादा स्कॅनरवर, मी हातमोजे घालून मऊ ब्रशने धूळ झटकायला, आणि बाबा मागे खुर्चीत बसून एकेका चेहऱ्याची कुळकथा सांगायला. मी ओरडावं म्हणून दादा मुद्दाम निगेटिव्हवर शिंकायचा. किती भांडायचो आम्ही, आणि किती सुखात होतो. ते रविवार मला परत हवे आहेत, दुसरं काही नको.

मशीन दादानेच जुळवलं होतं. दोन डिस्क, दोन्हींवर सगळं तेच. एक गेली तरी दुसरी आहे. तिसरी प्रत वेगळी काढून ठेवायची, असं मी कित्येक वर्षं नुसतं म्हणत होते. मशीनचं नाव त्याने ठेवलं ‘खारुताई’. ते माझं घरातलं नाव, कारण मीही काही फेकत नाही म्हणे.

चार वर्षांपूर्वी स्टुडिओवरून आमचं वाजलं. दादा म्हणत होता, विका, बाबांना मी माझ्याकडे नेतो. मी त्याला नको नको ते बोलले. तो त्याच्या गावी गेला तो गेलाच. बाबांनीही त्याच्याशी अबोला धरला. आमच्या घरात हट्टीपणाला तोटा नाही. त्याच रागात मी मशीनचं नाव बदलून नुसतं ‘स्टुडिओ’ करून टाकलं होतं. त्यानंतर मशीनच्या सेटिंगला कुणी हात लावला नव्हता.

दुपारपर्यंत मी झटले. मशीन ढिम्म. शेवटी ठरवलं, दोन्ही डिस्कची जोडी नव्याने बांधायची. चुकलं तर सगळं पुसलं जाणार होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. कमांड टाइप केली.

"हात काढ," मागून बाबा म्हणाले.

"बाबा, मला कळतं त्यातलं."

"कळत असेल. हात काढ आणि शंभर मोज."

ही त्यांची डार्करूममधली रीत. अंधारात फिल्म अडकली की ओढायची नाही; हात बाजूला घ्यायचे आणि शंभर मोजायचे. आम्हा दोघांना त्यांनी तेच शिकवलं होतं. मी चिडून मोजायला लागले. सत्तरच्या आसपास लक्षात आलं, जोडी तुटली असं मी धरूनच चालले होते. बघितलं कुठे होतं?

बघितलं. दोन्ही डिस्क धडधाकट, जोडीही शाबूत. फक्त नेहमीच्या नंबराऐवजी भलत्याच नंबरावर उभी होती. जोडी बांधताना मशीनचं जे नाव असतं ते डिस्कवर कायमचं लिहिलं जातं. तिथे ‘खारुताई’ होतं. नव्या कर्नलला मशीनचं नाव ‘स्टुडिओ’ एवढंच माहीत, म्हणून त्याने ही जोडी परक्याची समजून बाजूला ठेवली. दादाने जोडीचा नंबर जुन्या कर्नलच्या सामानात, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायलींत, लिहून ठेवला होता, त्यावर इतके दिवस निभावलं. तो मीच पुसला.

ते नाव बघून मला रडू आलं, सरळ सांगते. मी रागाने काढून टाकलं होतं, डिस्कांनी जपलं होतं.

पुढचं काम तासाभराचं. भलत्या नंबरावरून मशीन दुरुस्तीपुरतं अर्धवट उठवलं, त्याचं जुनं नाव त्याला परत दिलं, सुरुवातीचं सामान नव्याने बांधलं आणि मशीन बंद केलं. "आता तुम्हीच चालू करा," मी बाबांना म्हटलं. त्यांनी बटण दाबलं. फोटो उघडले आणि माझा जीव भांड्यात पडला.

पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. दादा.

"बाबा बरे आहेत ना?" त्याने एकदम विचारलं.

"बरे आहेत. का रे?"

"मशीन नीट चालू झालं की माझ्या फोनवर एक ओळ येते. पहिल्यापासून तशी सोय केली आहे. बाबा रोज दहाला बटण दाबतात, ओळ येते, मग मी कामाला लागतो. रविवारी स्टुडिओ बंद, तो दिवस कसाबसा काढतो. आज दहाला आलीच नाही. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय, लावायचा धीर होईना."

"आत्ता आली असेल."

"आली. पण बटण काय, कुणीही दाबू शकतं."

चार वर्षं मी ह्या माणसाला दगड म्हणत होते. फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, दादाचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीच दाबलं रे. आहे मी."