संत्र्याच्या गालावरचे खड्डे

रविवारी सकाळी नऊला औषधांच्या दुकानाशेजारचा जिना भरायचा आणि साडेनऊला त्याचा कठडा हलायला लागायचा. रांगेत मुरमांचे खड्डे असलेल्या मुली, त्यांच्या आया, दाढीआड गाल लपवलेले दोन-तीन कारकून आणि बाकी नुसतेच बघे. वर पाटी होती: ‘लेसरसम्राट. चार मिनिटांत चेहरा पूर्ववत.’ पूर्ववत म्हणजे नक्की कधीसारखा, हे कोणीच विचारत नव्हतं. चार मिनिटांत बरं होणाऱ्या माणसाला दर रविवारी परत का यावं लागतं, हेही नाही.

मी पासपोर्टचे फोटो काढतो. समोरच्याच इमारतीत माझा स्टुडिओ आहे. तीस वर्षं लोकांना हनुवटी वर, हनुवटी खाली करायला लावून माझा स्वभाव तिरकस झालाय असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. एरवी मी हा तमाशा खिडकीतून बघितला असता, चहा प्यायलो असतो आणि गप्प बसलो असतो. पण त्या रविवारी रांगेत माझी भाची उभी होती.

भाची चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा तर चेहऱ्यासमोर चेहरा न्यावा लागतो. नवा नंबर लागला की त्या माणसाला पहिल्यांदा जे स्वच्छ दिसतं, ते हिचे गाल. “त्यांना नीट दिसायला लागलं की मला रडू येतं,” असं ती एकदा म्हणाली होती. मला आधी हसू आलं आणि मग माझीच लाज वाटली.

तिला मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं नव्हतं असं नाही. बाईंनी भिंगातून दोन्ही गाल पाहिले, आईवडिलांना मुरमं होती का विचारलं आणि सांगितलं की आधी मलमाने चालू मुरमं थांबवू, मग लेसरचं बघू. सावळ्या कातडीवर जोर जास्त झाला तर काळे डाग उठतात, म्हणून बेताबेताने करायचं. सात-आठ महिने धरून चाल, खड्डे कमी होतील.

“जातील ना?” भाचीने विचारलं.

“कमी होतील,” बाई म्हणाल्या.

तिने तीनदा विचारलं, बाईंनी तीनदा तेच उत्तर दिलं. बाहेर पडल्यावर ही फणकारली, “मामा, त्यांना ‘जातील’ म्हणायला काय जातं?” लेसरसम्राटाचं काहीच जात नव्हतं. तो पहिल्याच भेटीत “जाणार” म्हणाला, आणि एवढ्या एका शब्दावर माझ्या बहिणीची पोर गळाला लागली. त्याने तिला बाईंचं मलम फेकून द्यायला लावलं आणि रविवारी थेट ‘महाकिरण’ घ्यायला बोलावलं.

महाकिरण म्हणजे काय, ते मला दोन दिवस आधीच कळलं होतं. आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकू ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या आणि काही केल्या तोंडावरचा स्कार्फ काढेनात. शेवटी काढला. गालावर रुपयाएवढा भाजल्याचा काळा चट्टा होता. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, सम्राटाकडे महाकिरण घेतला, तो उलटा बसला, माझाच विश्वास कमी पडला. भाजलेल्या बाईलाच अपराधी ठरवणारं हे शास्त्र ऐकून माझं डोकं फिरलं. काकूंना मी रविवारी सम्राटाकडे वर यायला सांगितलं.

भाचीला समजावून पाहिलं, पण तिने कानात बोळे घातले होते. तेव्हा मीही तिच्यामागून जिना चढलो.

आत एक खुर्ची, तिच्यासमोर टेबलावर कॅमेरा, भिंतीवर मोठा पडदा आणि पांढऱ्या कोटातला सम्राट. पहिला नंबर दाढी काढून आलेल्या एका कारकुनाचा होता. त्याचा फोटो पडद्यावर आला आणि खोलीतून हाय उमटली. गाल कसले, खडी उखडलेला रस्ताच. सम्राटाने गार मलम फासलं, हातातल्या नळीतून लाल ठिपका गालावर नाचवला आणि तोंडाचा पट्टा सोडला. विज्ञान म्हणजे किरण, किरण म्हणजे तेज, आणि खड्डा म्हणजे दुसरं काय, अंधार. तेज आलं की अंधार राहील कुठे? मग दुसरा फोटो पडद्यावर आला. गाल गुळगुळीत. आयांनी हात जोडले. तीन आठवडे गालाला बोट लावायचं नाही, अशी ताकीद मिळाली, कारण बोट लागलं की किरण उडतात.

सगळे लाल ठिपक्याकडे बघत होते. मी सवयीने दिवे बघत होतो. खुर्चीच्या डाव्या बाजूला एक दिवा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर दुसरा. “तेज” म्हणताना सम्राटाचा बूट टेबलाखाली काहीतरी दाबत होता.

त्याने भाचीचा नंबर पुकारला. ती उठली, आणि मीही उठलो. शेजारच्या आईच्या पिशवीत संत्री होती. एक मागून घेतलं आणि भाचीच्या आधी खुर्चीत जाऊन ते गालाशी धरलं.

“आधी याचं करा,” मी म्हणालो. “याला लहानपणापासून त्रास आहे.”

खोली हसली. सम्राट म्हणाला, फळावर किरण चालत नाही. मी म्हटलं, बघू या की, फळाचा विश्वास दांडगा आहे. तो काही म्हणायच्या आत मी हात लांबवून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर संत्र्याची साल आली, बाजूच्या दिव्यात प्रत्येक खड्डा सावलीने भरलेला. मग मी टेबलाखाली पाय घालून त्याचं बटण दाबलं. बाजूचा दिवा विझला, समोरचा लागला, आणि मी दुसरा फोटो काढला. संत्रं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

“बाजूने उजेड आला की खड्ड्यात सावली पडते, समोरून आला की सावली जाते,” मी सांगितलं. “खड्डा तिथेच असतो. खड्डा म्हणजे अंधार, हे एक वाक्य हा माणूस खरं बोलला.”

कारकुनाने तीन आठवड्यांची ताकीद मोडून गालावरून बोट फिरवलं. त्याचं तोंड उतरलं. सम्राट यंत्र बिघडल्याचं, मत्सराचं असं काहीबाही बोलत होता, तेवढ्यात दाराशी उभ्या शिंपीणकाकूंनी स्कार्फ सोडला आणि खोलीभर फिरून प्रत्येकीला गाल दाखवला. त्यानंतर कोणी हसलं नाही. आया मुलींना घेऊन उठल्या आणि काकू दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्यात तक्रार द्यायला गेल्या. पुढच्या रविवारी पाटी नव्हती.

मला वाटलं होतं, भाची माझे आभार मानेल. ती स्टुडिओत येऊन माझ्यावरच उखडली.

“मामा, माझ्या प्रत्येक फोटोतले खड्डे तू पुसलेस. मला कधी विचारलंस? मला वाटायचं, ते पुसता येतात. त्याने तुझ्यापेक्षा वेगळं काय केलं?”

मी ते प्रेमापोटी पुसले होते खरे. तिला मी तिच्याच चेहऱ्याविषयी वर्षानुवर्षं खोटं सांगत आलो होतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

ती आपणहून डॉक्टरीणबाईंकडे परत गेली. पुढे तुलना करता यावी म्हणून बाईंना बाजूच्या उजेडातला फोटो हवा होता. तो मी काढला आणि कुठेही बोट न लावता छापला. भाचीने तो बराच वेळ पाहिला आणि आणखी एक प्रत मागितली, दुकानाच्या ओळखपत्रासाठी.

तेव्हा मंडळी, चेहरा कोणाच्या हाती देण्याआधी तोंड उघडा. काय शिकलात, नोंदणी कुठे आहे, यात काय बिघडू शकतं आणि शेवटी किती उरेल, हे सरळ विचारा. “काहीच उरणार नाही” म्हणणाऱ्यासमोरून उठून या. कोणी आधीचा-नंतरचा फोटो दाखवला, तर दिवा कुठे ठेवला होता, हेही विचारा. या प्रश्नातून घरच्या फोटोवाल्यालाही सोडू नका.