पूलवाल्या कर्नलांची मुदतवाढ

वय झालं की राखीव दलातल्या अधिकाऱ्यानं घरी बसायचं, असा नियम. त्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नसेल, तरच मुदतवाढ. अहो, हा काय नियम झाला? ज्यानं हाताखालच्यांना जीव तोडून शिकवलं तो घरी, आणि ज्यानं सगळं मुठीत झाकून ठेवलं तो खुर्चीवर!

पूलवाल्या कर्नलांनी बिचाऱ्यांनी शिकवलं होतं. एरवी त्यांचं नळाच्या सामानाचं दुकान, पण महिन्यातून एकदा शनिवार-रविवार नदीवर तरंगता पूल बांधायला जायचे, तेवढाच काय तो माणसांचा सहवास. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. लेक लांब, "बाबा, जेवलात ना?" विचारून फोन ठेवायची. मुदतवाढ नाही मिळाली तर तेही शनिवार-रविवार त्याच घरात काढायचे.

कर्नलांचं काम दुसऱ्या कुणाला येतं का, हे बघायला समिती नदीवर आली. कर्नल त्यांच्याबरोबर काठावर उभे राहिले आणि पूल बांधायला उतरल्या त्यांच्या हाताखालच्या मेजरबाई. एरवी दातांच्या डॉक्टर, हात असा सफाईदार की बघत राहावं. पण आज बाईंनी तराफे जोडताना पिन उलटी बसवली, दोरही सैल सोडले. समितीतले एक जण पुटपुटले, यांना काही येत नाही वाटतं. कर्नलांच्या लगेच लक्षात आलं. पोरगी मुद्दाम चुकत होती, त्यांच्यासाठी.

नुसतं गप्प बसायचं होतं, मुदतवाढ खिशात. पण बाईंच्या नावावर कायमचा डाग बसला असता. कर्नल पाण्याच्या कडेपर्यंत गेले.

"मेजर, नेहमी करतेस तसं कर."

"साहेब, मग तुमचं काय?"

"माझं मी बघेन. पिन काढ आधी."

पूल असा उभा राहिला की भरलेला ट्रक गेला तरी हलला नाही. समितीनं बाईंचं तोंड भरून कौतुक केलं, कर्नलांशी हात मिळवले. निकाल वेगळा सांगायची गरजच उरली नाही.

घरी आल्यावर त्यांनी कायम भरून ठेवलेली कॅम्पची बॅग रिकामी केली. कपडे कपाटात गेले, बूट पलंगाखाली. उरला दात घासायचा ब्रश. तो त्यांनी बेसिनवरच्या ग्लासात ठेवला. बायको गेल्यापासून तिथे एकच ब्रश असायचा. आता पुन्हा दोन झाले, आणि दोन्ही त्यांचेच.